शेवटच्या खोलीपर्यंत

घरात येणारी कोणतीही नवी सोय पुढच्या दाराने येते आणि बरीच वर्षे पुढच्या खोलीतच मुक्काम ठोकते. विजेचा पहिला दिवा बैठकीत लागला. स्वयंपाकघरात त्यानंतरही चिमणी आणि कंदील होतेच. रेडिओ बैठकीतल्या कोनाड्यात बसला. टेलिफोन आला तो बैठकीतल्या तिवईवर, अंगावर क्रोशाचा रुमाल आणि तबकडीला इवलेसे कुलूप घेऊन. दूरदर्शन संचानेही तीच जागा धरली आणि आत पोळ्या लाटणाऱ्या बाईने रविवारचे रामायण पाहिले त्याहून अधिक ऐकले. कालांतराने दिवा आत गेला, रेडिओ आत गेला, फोन तर खिशात गेला. पण प्रत्येक वेळी घराच्या मागच्या भागाला आपली पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागली.

इंटरनेटची गोष्ट याहून वेगळी नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेला बांधलेले होते. पुढे तार सुटली, लहरी आल्या आणि आता ते घरभर झाले असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात ते घरभर नसते. दिवा कुठवर उजेड पाडतो ते डोळ्यांना दिसते. राउटर नावाच्या त्या लुकलुकत्या डबीचा उजेड कुठे संपतो ते दिसत नाही. ते फक्त भोगावे लागते. कुणी जिन्यात उभे राहून बोलते, कुणी खिडकीच्या गजाला फोन चिकटवते आणि कुणी 'आमच्या खोलीत रेंज येत नाही' असे म्हणून गप्प बसते.

गप्प बसणारी ही माणसे कोण असतात, हा मला या विषयातला खरा प्रश्न वाटतो.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमचे घर जुन्या पेठेतले. रस्त्याला तोंड अरुंद आणि आत खोल. पुढे बैठक, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि सर्वांत शेवटी, न्हाणीघराच्या शेजारी, सासूबाईंची खोली. पुढच्या दारापासून त्यांच्या पलंगापर्यंत साठ फूट अंतर आणि वाटेत पांढऱ्या मातीच्या तीन भिंती, प्रत्येक दीड ते दोन फूट जाडीची. स्वयंपाकघराच्या वर १९९४ साली बांधलेली सिमेंट-सळईची एक खोली आहे. तिथे माझी पुतणी अभ्यास करते. घरात एकूण सहा माणसे. राउटर बैठकीत, टीव्हीखालच्या लाकडी कपाटात. जोडणी द्यायला आलेल्या मुलाची तार जिथे संपली, तिथे त्याने तो ठेवला होता.

सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. २०२३ च्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरापाशी घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या घरी आल्या आणि एका खोलीच्या झाल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या आणि मधल्या दिवसांत फोनवर चित्र पाहून सूचना द्यायच्या. पण आईंच्या खोलीत चित्र गोठायचे. 'पाय अजून थोडा...' एवढे ऐकू येई आणि पुढे बाईंचे तोंड उघडे राहून जाई. पाय वर घ्यायचा की खाली, हे कळायला मार्ग नसे.

त्यातच नोव्हेंबर आला. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे आईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली हा दाखला संगणकावरून देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय निघाली आणि २०२१ पासून तर फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून, पापण्या मिटून-उघडून तो घरबसल्या देता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी याहून चांगली सोय नाही. पण चेहरा टिपला तरी तो पुढे पोचायला इंटरनेट लागते आणि आईंच्या खोलीत नुसते चक्र फिरत राहिले. शेवटी यजमान आणि भावोजींनी त्यांना खुर्चीत बसवले आणि खुर्ची उचलून तीन उंबरठे ओलांडत बैठकीत आणली. दाखला अर्ध्या मिनिटात झाला. परतताना त्या मला म्हणाल्या, "जिवंत आहे हे सांगायला मला पुढं आणावं लागलं. मागच्या खोलीत मी जिवंत नसते का गं?"

त्या हे हसत म्हणाल्या. पण त्या रविवारी पुतणी आणि मी वही-पेन्सिल घेऊन घराची मोजणी करायला निघालो.

मोजणी अवघड नाही, आणि प्रत्येक घरात ती करण्यासारखी आहे. फोनवर लहरींची ताकद अंकात दाखवणारी फुकट साधने मिळतात. कोपऱ्यातल्या त्या तीन-चार कमानींपेक्षा हा अंक फार प्रामाणिक असतो. तो नेहमी उणे असतो, कडाक्याच्या थंडीतल्या तापमानासारखा. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत चित्रासह संभाषण सुरळीत चालते. उणे ७५ च्या खाली अडखळणे सुरू होते आणि उणे ८५ च्या पुढे जोडणी असून नसल्यासारखी. यातली मेख अशी, की हे अंक साध्या बेरजेचे नाहीत. दहाने अंक घसरला की ताकद एक दशांश उरते. वीसने घसरला की शतांश.

घराचा कच्चा नकाशा काढून आम्ही प्रत्येक खोलीत तीन ठिकाणी अंक घेतले. बैठकीत उणे ३८. माजघरात उणे ५८. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उणे ७४. वरच्या खोलीत उणे ८१. आईंच्या उशाशी उणे ८६. पुतणीने नकाशा रंगवला, तेव्हा पुढे हिरवा, मध्ये पिवळा आणि मागे लाल, असा पट्टेरी झेंडाच तयार झाला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "काकू, हा नकाशा लहरींचा नाहीच. घरात कुणाला काय आधी मिळतं, त्याचा आहे." स्वयंपाकघर, शिकणारी मुलगी, म्हातारे माणूस: तिघांच्या जागा लाल. कुणी मुद्दाम केलेले नव्हते. तार पुढच्या दाराने आली होती, इतकेच.

उपाय शोधण्याआधी कारण समजून घेणे बरे. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून आम्हाला मिळालेला सल्ला होता, 'प्लॅन वाढवा.' आमची जोडणी ५० मेगाबिटची आहे आणि चित्रासह एका संभाषणाला साधारण एक ते तीन मेगाबिट पुरतात. म्हणजे टाकीत पाणी भरपूर होते; मागच्या नळाला येत नव्हते. टाकी मोठी करून तो प्रश्न सुटत नाही. पाणी वाटेत कुठे मुरते ते पाहावे लागते.

ते दोन ठिकाणी मुरते. पहिले अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीची ताकद चौथाई होते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे, भिंती. लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेली भिंत जेमतेम तीन अंक खाते. विटेची भिंत त्याहून बरीच जास्त आणि सळईचे काँक्रीट तर दहा-वीस अंक सहज गिळते. आमच्या आकड्यांवरून मातीच्या एकेका भिंतीला नऊ-दहा अंक पडत होते. तीन भिंतींचे अठ्ठावीस-तीस झाले. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा फोनवर म्हणाला होता, "मामी, आमच्या दुमजली घराला एक डबी पुरते." त्याचे खरेच होते. त्याचे घर लाकूड आणि तक्त्यांचे आहे. परदेशी घरे पाहून लिहिलेला सल्ला आपल्या दगडा-मातीच्या, जांभ्याच्या किंवा काँक्रीटच्या घराला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

पाण्याचेही लहरींशी वाकडे आहे. ओली भिंत, भरलेली टाकी, माशांची काचपेटी या सगळ्या गोष्टी लहरी शोषतात. आमच्या मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात; पुढच्या वर्षी श्रावणात त्याच जागी घेतलेले अंक दोन-तीनने उतरलेले वहीत दिसतात. धातू तर लहरी परतवूनच लावतो. लोखंडी कपाट, पत्रा, फ्रिज, आरशामागचा चकाकता लेप हे सारे लहरींच्या दृष्टीने बंद दरवाजे आहेत. म्हणून राउटर टीव्हीच्या मागे, कपाटाच्या आत किंवा जमिनीवर ठेवला, की त्याची अर्धी कमाई पहिल्याच पावलाला खर्च होते.

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आजच्या अडचणींचे मूळ त्यात आहे. एके काळी घरी रेडिओ ठेवायचा, तर टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. मग राउटरला परवाना का लागत नाही? १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने लहरींचे काही पट्टे विनापरवाना दळणवळणासाठी मोकळे केले. मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या यंत्रांसाठी राखलेले हे पट्टे कुणाला फारसे नको होते. त्या मोकळ्या जागेवर १९९७ साली बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाण ठरले. वेग होता जास्तीत जास्त दोन मेगाबिट. १९९९ मध्ये त्याला 'वाय-फाय' हे नाव मिळाले. ते कशाचेही लघुरूप नाही. बाजारासाठी ठरवून घेतलेले ते एक सुटसुटीत नाव आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली विनापरवाना वापरासाठी खुला झाला आणि २०१८ साली पाच गिगाहर्ट्झचा रुंद पट्टा मिळाला.

म्हणजे हे गावाचे गायरान आहे. कुणीही आपले जनावर सोडावे, चाराई द्यावी लागत नाही. पण मग गर्दीही होणारच. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावता चालतील अशा वाटा तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायटीत फोन उघडून पाहिले, तर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. ती सगळी या तीन वाटांवर चालत असतात. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिच्या दारातून झिरपणारा अंश तेवढा वेळ गोंगाट करतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण म्हणूनच आमच्याहून वेगळी असते. त्यांच्याकडे अंतर कमी, पण गर्दी फार. त्यांनी राउटरच्या मांडणीत जाऊन मोकळी वाट निवडावी आणि जवळच्या खोल्यांत पाच गिगाहर्ट्झ वापरावा. तो पट्टा प्रशस्त आहे. त्याची लहर आखूड, पाच-सहा सेंटिमीटरची, २.४ ची साडेबारा सेंटिमीटर. ही आखूड लहर वेग अधिक देते, पण भिंतीपुढे लवकर दमते. आमच्याकडे ती माजघराच्या पुढे आलीच नाही. गंमत अशी, की फ्लॅटवाल्याला हा तिचा गुणच ठरतो. शेजाऱ्याची लहर त्याच्या घरात घुसत नाही.

आता उपाय. पहिला उपाय बिनपैशाचा. राउटर कपाटातून काढावा, चार-पाच फुटांवर ठेवावा आणि जमेल तेवढा घराच्या मध्यावर आणावा. त्याच्या उभ्या दांड्या दिव्यासारख्या चहूकडे सारखा प्रकाश टाकत नाहीत. आडव्या दिशेला, कंकणाच्या आकारात, जास्त टाकतात आणि डोक्यावर कमी. एकच मजला असेल तर दांड्या उभ्या ठेवाव्यात. वर मजला असेल तर एखादी आडवी करून पाहावी. आम्ही एका संध्याकाळी लांब तार जोडून राउटर माजघरातल्या फळीवर ठेवून पाहिला. आईंच्या उशाशी अंक उणे ८६ वरून उणे ७२ वर आला. चौदा अंक म्हणजे पंचवीस पट ताकद, तीही एक पैसा खर्च न करता. ज्यांच्या घरात दोन-तीनच खोल्या आहेत, त्यांचे काम एवढ्यावर भागते.

आमचे भागले नाही. उणे ७२ वर आवाज येत होता, चित्र रखडत होते. पुढचा विचार करणे भाग होते.

बाजारात यासाठी तीन प्रकारच्या वस्तू मिळतात. पहिली, भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा 'एक्स्टेंडर'. तो आलेली लहर ऐकतो आणि पुन्हा उच्चारतो. एकाच पट्ट्यावर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करत असेल, तर वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही त्या खोलीतच लावतात आणि निराश होतात. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे लहर अजून चांगली आहे तिथे असते. दुसरी वस्तू 'मेश'. दोन-तीन डब्या आपापसांत बोलून घरभर एकच जाळे पसरतात. हे चांगले, सुटसुटीत आणि महाग. पण डब्यांमधला संवाद बिनतारीच असेल, तर मधली जाड भिंत तिथेही आडवी येतेच.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा: तार. बिनतारी जाळे चांगले चालायला आधी तार ओढावी लागते, हे ऐकून यजमान हसले होते. पण भिंत ओलांडण्याचे काम तारेवर सोपवले आणि लहरींना फक्त एका खोलीपुरते काम दिले, की प्रश्नच मिटतो. संगणकाच्या जाळ्याची ही तार शंभर मीटरपर्यंत विनातक्रार चालते. आमच्या घराला बावीस मीटर पुरली.

नेहमीचे वायरमन आले. त्यांनी भिंतींना भोके पाडायची गरजच ठेवली नाही. जुन्या घरात माळ्याच्या तुळयांलगत फटी असतात, त्यांतून त्यांनी तार मागे नेली. विजेच्या तारेपासून ती वीतभर दूर ठेवली, हे पाहून मला बरे वाटले; तसे नसते तर मी सांगणारच होते. आईंच्या खोलीबाहेरच्या बोळात, डोक्यापेक्षा वर, एक जुना राउटर टांगला. कंपनी बदलली तेव्हापासून तो माळ्यावर पडून होता. अशा जुन्या डबीचा पत्ते वाटण्याचा अधिकार मांडणीत जाऊन काढून घ्यायचा, तो पुढच्या राउटरकडेच ठेवायचा, आणि हिला फक्त लहरी सोडण्याचे काम द्यायचे. एवढे पुतणीने केले. दोन्हींना नाव आणि परवलीचा शब्द एकच दिला, वाटा मात्र वेगळ्या: पुढच्याला पहिली, मागच्याला अकरावी. म्हणजे घरात फिरणारा फोन आपोआप जवळच्या डबीकडे जातो. कधी कधी तो जुन्याच डबीला चिकटून बसतो, कारण कुणाशी बोलायचे हे राउटर नव्हे, फोन ठरवतो. अशा वेळी फोनचे वाय-फाय एकदा बंद करून चालू केले की पुरते. तार, टोकांची बोंडे आणि मजुरी मिळून खर्च दोन हजारांच्या आत झाला.

मग पुन्हा मोजणी. आईंच्या उशाशी उणे ४५. उणे ८६ पासून एक्केचाळीस अंक. म्हणजे ताकद बारा हजार पटींहून जास्त वाढली. स्वयंपाकघरात उणे ५२. वरच्या खोलीत मधला सळईचा स्लॅब आडवा येऊनही उणे ६३. नकाशावरचा लाल रंग गेला.

आईंनी त्या टांगलेल्या डबीकडे बघून विचारले, "ह्या लहरी माझ्या अंगातून जातात का गं?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर टाळणे मला बरे वाटले नाही. मी सांगितले, "आई, थोड्या जातात, थोड्या अंगात मुरतात. क्ष-किरणांसारख्या त्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून लावत नाहीत. फार तर किंचित ऊब देतात आणि या डबीची ताकद इतकी थोडी आहे, की तीही तुम्हाला जाणवायची नाही." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली अशा लहरींना 'कदाचित धोकादायक' या गटात ठेवले आहे, हेही सांगितले, त्याचा अर्थ पुरावा अपुरा आहे, असा. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. रेंज कमी असते तेव्हा कानाशी धरलेला मोबाइल टॉवरपर्यंत पोचण्यासाठी अधिक जोर लावतो. आता आईंचा फोनही वाय-फायवरूनच लागतो. ही सोय आपल्याकडे २०१९ च्या अखेरीस सुरू झाली आणि जाड भिंतींच्या घरांना ती वरदान आहे. फोनच्या मांडणीत 'वाय-फाय कॉलिंग' चालू करायचे, एवढेच.

याउलट मोबाइलची रेंज वाढवण्यासाठी दुकानात 'बूस्टर' म्हणून जे यंत्र दाखवतात, त्यापासून दूर राहावे. परवान्याशिवाय ते बसवणे आपल्याकडे बेकायदा आहे, कारण एका घराच्या सोयीसाठी ते आजूबाजूच्यांचे फोन बिघडवू शकते. राउटरही 'जास्त ताकदीचा' म्हणून विकत घेण्यात फारसा अर्थ नसतो. बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. राउटर ओरडला तरी फोनचा आवाज लहानच असतो आणि तो राउटरपर्यंत परत पोचला पाहिजे.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. वीज गेली की राउटर मरतो. पण आलेली काचेची तार मरत नाही, तिला घरापर्यंतच्या वाटेत विजेची गरज नसते. बहुतेक राउटर बारा व्होल्टवर चालतात आणि तेवढ्यासाठी बनवलेली पुस्तकाएवढी बॅटरी मिळते. आमच्याकडे पुढे-मागे दोन आहेत. दोन-तीन तास निभावतात. घरात आजारी माणूस असेल तर हा खर्च चैनीचा समजू नये. दुसरे, जाळे मागच्या दारापर्यंत गेले म्हणजे ते मागच्या गल्लीतही गेले. परवलीचा शब्द आडनाव आणि जन्मसाल एवढाच असेल, तर तो बदलावा आणि मांडणीत डब्ल्यूपीए-३, किंवा निदान डब्ल्यूपीए-२, हे कुलूप निवडावे. राउटरच्या मांडणीत शिरण्याचा वेगळा शब्दही बदलावा. डबीच्या तळाशी छापलेला तो शब्द घरात येणारा कुणीही वाचू शकतो.

तार ओढल्याला आता बरेच दिवस झाले. २०२४ च्या नोव्हेंबरात आईंनी पलंगावर बसूनच पापण्या मिटून-उघडून दाखला दिला. त्यांचा दिनक्रमही पालटला आहे. सकाळी व्यायाम, दुपारी मिरजेच्या धाकट्या बहिणीशी गप्पा, संध्याकाळी कीर्तन. आम्हाला न अपेक्षिलेली गोष्ट म्हणजे घरातली माणसे मागे वळली. पूर्वी जेवणे झाली की सगळे बैठकीत जात, कारण तिथे रेंज होती. आता पुतणी वही घेऊन आजीच्या खोलीत बसते, भावोजी तिथेच बातम्या पाहतात, मी उत्तरपत्रिका तिथे तपासते. खोली तीच, अंधारी, न्हाणीघराच्या शेजारची. पण तिला आता कुणी 'मागची खोली' म्हणत नाही.

लहरींना माणसांत भेदभाव करता येत नाही. त्या सरळ जातात, अडल्या तर अडतात. भेदभाव असतो तो आपण डबी कुठे ठेवतो यात, आणि ती तशीच किती वर्षे राहू देतो यात. एखाद्या रविवारी फोन हातात घेऊन आपल्याच घरातून फिरावे, खोलीखोलीतले अंक कागदावर मांडावेत आणि त्या कागदावर घरातल्या माणसांची नावे लिहावीत. कुणाच्या नावापुढे काय येते, ते आपल्याला दिसेल. मोजणीला सुरुवात मात्र शेवटच्या खोलीपासून करावी.